सत्त्याऐंशी सालचा ससा

"फोल्डरच्या नावांवरून फोटोंच्या तारखा ठरवू का?" नव्या प्रोग्रामने पडद्यावर विचारलं.

"ठरव की," खांग श्वै-लुंग म्हणाले. "नावं मी दिलेली आहेत. चूक सापडली तर कळव." आणि त्यांनी 'होय' दाबलं.

त्यांची मुलगी पै-युन मागे उभी होती. "बाबा, मी बघू का जरा? जुन्यातून नव्यात फोटो नेताना गोंधळ होतो. माझ्या मैत्रिणीचे सगळे—"

"तुझ्या मैत्रिणीनं या गावातले जन्म-मृत्यू नोंदवलेत का?"

"नाही."

"मी नोंदवलेत. उभं आयुष्य तेच केलं. मला तारखा शिकवू नकोस."

पै-युनने हात जोडल्यासारखं केलं आणि ती केस वाळवायला निघून गेली. श्वै-लुंग शीहू गावच्या नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरातला प्रत्येक कागदी फोटो त्यांनी स्कॅनरवर पालथा घालून संगणकात भरला होता आणि प्रत्येक वर्षाचं वेगळं फोल्डर केलं होतं. वर्ष अर्थात सरकारी. तैवानात कचेरीचं साल गणराज्य झालं तिथून मोजतात. त्यात अकरा मिळवले की इसवी सनाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. तरुण पोरं इसवी सन लिहितात तेव्हा श्वै-लुंगना पायात दुसऱ्याची चप्पल आल्यासारखं वाटे. "आपल्याला आपलं साल आहे," ते म्हणत, "उसनं कशाला आणायचं?"

ज्या जुन्या प्रोग्रामात त्यांनी हे सगळं रचलं होतं, तो चालवणाऱ्यांनी दुकान गुंडाळायचं ठरवलं. तुमचे फोटो घेऊन जा, अशी तंबी आली. श्वै-लुंगनी बिऱ्हाड हलवावं तसं सगळं उचलून नव्या प्रोग्रामात आणलं. आणि मुहूर्तही साधला, कारण आज दुपारी पै-युनला मागणी घालायला आणि लगेच अंगठी घालायला युआन-लिनहून छ्यु मंडळी येणार होती. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर मुलीची वाटचाल दाखवायची, हा त्यांचा बेत. नवा प्रोग्राम ते आपोआप करत होता. फोटो एकामागून एक सरकत, आणि वर्ष बदललं की खाली सोनेरी आकड्यांत साल येई.

त्यांनी संगणकावर एकदा भरभर पाहून घेतलं. आधी तान्हं बाळ, मग रांगणारं, मग दात पडलेलं. क्रम बरोबर होता. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, म्हणून आकडे काही त्यांनी वाचले नाहीत.

"ए म्हाताऱ्या माकडा!" बायकोने आतून हाक मारली. लान-छिंग नवऱ्याला लग्न झाल्यापासून हेच म्हणायची. यात शिवी कमी आणि माहिती जास्त होती, कारण श्वै-लुंग माकडाच्या वर्षी जन्मलेले. बारा वर्षांचा फेरा, दर वर्षाला एक जनावर. माणूस ज्या वर्षी जन्मतो ते जनावर जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसतं. "टीव्हीशी खेळणं पुरे. पाहुणे आले, आणि तू अजून बनियनवर आहेस!"

छ्यु मंडळी चार जण आली, सोबत मागणीच्या केकची खोकी घेऊन. छ्यु बाई, त्यांचे यजमान, मुलगा यान-थिंग, आणि शुभकार्याला तिकडे सम आकडा लागतो म्हणून आणलेले एक लांबचे काका. काकांनी आल्याआल्या कलिंगडाच्या बियांची ताटली पुढ्यात ओढली आणि आपलं काम सुरू केलं. छ्यु बाईंचं लग्नाच्या केकचं दुकान होतं. हजारो लग्नं त्यांच्या खोक्यांतून गेली होती. कुठल्या लग्नात काय बिनसलं आणि का, हे त्यांना तोंडपाठ. मुलाला त्यांनी गाडीतच बजावलं होतं, "आज तू तोंड उघडायचं नाहीस. नवरा मुलगा बोलला की भाव उतरतो."

"बसा, विहीणबाई, बसा," लान-छिंग म्हणाली. "पै-युन आत आहे. गोड चहा घेऊन येईल."

"येऊ दे सावकाश. फोनवर बोललो होतो ना आपण, ते ऐकल्यापासून मी निश्चिंत आहे."

"कशाबद्दल बोलला होता?" श्वै-लुंगनी विचारलं.

"काही नाही," लान-छिंग घाईने म्हणाली. "बायकांचं. तुम्ही तुमचा तो टीव्ही लावा बघू."

बायकोने टीव्ही लावायला सांगितला आणि 'तुम्ही' म्हणाली, या दोन्ही गोष्टी आक्रीत होत्या. पण श्वै-लुंग आनंदात होते. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर लाल दुपट्यातलं बाळ आलं. महिन्याचं झालेलं, डोक्याचा गोटा केलेलं, चिडलेलं. खाली सोनेरी आकडे उमटले: १९८७.

"आहाहा," छ्यु बाई म्हणाल्या. मग त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. अंगठा थांबला.

"ससा," त्या म्हणाल्या.

"ससा!" लान-छिंग हरखून म्हणाली. तिने फोनवर मुलगी सशाच्या वर्षाची आहे असं ठोकून दिलं होतं, आणि आता खुद्द टीव्ही तिच्या बाजूने साक्ष देत होता. "मी म्हटलं नव्हतं? ससाच."

"हो, पण विहीणबाई, हा अलीकडचा ससा नाही. मागच्या फेऱ्यातला आहे." छ्यु बाईंनी यजमानांकडे पाहिलं. "अहो, सत्त्याऐंशी म्हणजे मुलगी सदतीस वर्षांची झाली."

"आई, ती—" यान-थिंगने तोंड उघडलं.

"गप."

श्वै-लुंग फळं मांडत होते. त्यांच्या कानावर फक्त 'सत्त्याऐंशी' एवढंच पडलं. "बरोबर," ते अभिमानाने म्हणाले. "सत्त्याऐंशी सालचीच. मी स्वतः नोंद केली. पाचवा महिना, भर दुपारी."

झालं. वडिलांनीच शिक्का मारला.

छ्यु बाईंनी पाठ ताठ केली. त्या वाईट बाई नव्हत्या. मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठी सून काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नाही, असं त्या मनाला समजावत असाव्यात, कारण त्यांनी एक बी सोलून तोंडात टाकली. पण टीव्ही कुठे थांबतोय? बाळ रांगलं, उभं राहिलं, बालवाडीत गेलं, डोक्यावर कागदाचा मुकुट घालून नाचलं. १९९२. आणि पुढच्याच फोटोत पै-युन पाठीवर दप्तर घेऊन शाळेच्या फाटकात उभी. पुढचे दोन दात गायब. खाली साल २००४.

खोलीत फक्त काकांच्या बिया फुटत होत्या.

"मध्ये बारा वर्षं गेली," छ्यु बाई हळूच म्हणाल्या. "मुलगी कुठे होती?"

"इथंच!" लान-छिंग म्हणाली. "इथंच होती की!"

"एकही फोटो नाही."

"कॅमेरा मोडला होता."

"बारा वर्षं?"

"दुरुस्तीला टाकला होता."

छ्यु साहेब पडद्याजवळ वाकून म्हणाले, "म्हणजे पहिलीत गेली तेव्हा सतरा वर्षांची होती." माणूस मवाळ होता. त्यांना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. "वयाच्या मानानं लहानखुरी दिसते. अंगकाठी आईवर गेली असेल."

"आणि दुधाचे दात!" छ्यु बाई म्हणाल्या. "सतराव्या वर्षी दुधाचे दात! विहीणबाई, काही दुखणंबिखणं असेल तर आत्ताच सांगा. आम्ही माणुसकी सोडणारी माणसं नाही. पण लपवू नका."

आता श्वै-लुंगनी चष्मा आणला, पडद्यासमोर उभे राहिले आणि खालचे आकडे वाचले. त्यांचे कान लाल झाले. कोणीतरी त्यांच्या नोंदवहीत शाई सांडली असती तरी ते इतके तापले नसते.

"हे यंत्र गाढव आहे," ते म्हणाले. "माझ्या फोल्डरवर सत्त्याऐंशी लिहिलंय ते आपलं सरकारी साल. हे त्यापुढे एकोणीस लावून मोकळं झालं! डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंच्या पोटातच तारीख असते, म्हणून शाळेपासूनचे तेवढे बरोबर. कागदी फोटो मात्र सगळे मागे ढकललेत. थांबा, आत्ता दुरुस्त करतो."

"राहू द्या," लान-छिंग म्हणाली.

"राहू द्या काय? आपली मुलगी सतराव्या वर्षी पहिलीत गेली म्हणतायत!"

"म्हणू देत. नंतर सांगू सावकाश." तिने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. "विहीणबाई, यंत्राची चूक आहे. मुलगी अलीकडचा ससा आहे. पंचवीस वर्षांची. अठ्ठ्याऐंशी सालची."

"अठ्ठ्याऐंशी?" श्वै-लुंग गरकन वळले. "कोण म्हणतं अठ्ठ्याऐंशी?"

"मी म्हणते."

"तू कोण म्हणणारी? मी नोंद केली आहे!"

"मी जन्म दिलाय!"

"जन्म तू दिलास, पण तारीख मी दिली!"

"अरे माकडा, गप बस," लान-छिंग दातांतल्या दातांत म्हणाली आणि तिने टेबलाखालून लाथ मारली. ती छ्यु साहेबांना लागली. त्यांनी पाय फक्त मागे घेतला. टेबलाखालच्या लाथांची त्यांना सवय असावी.

श्वै-लुंग कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेले होते. साहेब लोकांनी, मंत्र्याच्या मेहुण्याने, एकदा तर देवळाच्या पुजाऱ्याने तारीख बदलायला सांगितली होती. ते कोणापुढे वाकले नव्हते. आता एका यंत्रापुढे आणि बायकोपुढे वाकायचं? त्यांनी संगणक पुढे ओढला. प्रोग्रामात 'तारखा पुढे-मागे सरकवा' अशी सोय निघाली. त्यांनी 'अकरा वर्षं पुढे' निवडलं. "कोणते फोटो?" यंत्राने विचारलं. संतापलेला माणूस निवडत बसत नाही. त्यांनी 'सर्व' दाबलं.

टीव्ही एकदा मिटला आणि पुन्हा उघडला. लाल दुपट्यातलं बाळ. १९९८.

"हे बघा!" श्वै-लुंग ओरडले. "हे खरं साल!"

मग शाळेच्या फाटकातली पै-युन आली, साल २०१५. सगळ्यात शेवटी गेल्या आठवड्यातला फोटो आला. समुद्रावर पै-युन आणि यान-थिंग, तिच्या हातात भाजलेला माकूळ, त्याच्या नाकाला मसाला. खाली साल: २०३५.

"अरे वा," छ्यु साहेब म्हणाले, "म्हणजे लग्न टिकलेलं दिसतंय. पोरगा जाडही झालेला नाही."

छ्यु बाईंचा अंगठा पुन्हा पेरांवर फिरत होता. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. या वेळी दोनच फेरे पुरले.

"वाघ," त्या म्हणाल्या.

काकांच्या हातातली बी तोंडापाशी थांबली. वाघाच्या वर्षी जन्मलेली बाई लग्नघरात अपशकुनी, असं जुनी माणसं मानतात. नवरीच्या खोलीत तिला पाऊल टाकू देत नाहीत.

"फोनवर मी एकच प्रश्न विचारला होता," छ्यु बाई म्हणाल्या. "मुलगी वाघाच्या वर्षाची तर नाही ना? दुसरं काहीही चालेल म्हटलं होतं. डुक्कर चालेल, उंदीर चालेल. तुम्ही म्हणालात, ससा."

लान-छिंगने नवऱ्याचा सदरा सोडला. आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"म्हणाले," ती म्हणाली. "आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा म्हणेन. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात हिला खोलीबाहेर ठेवलं. लहानपणापासून दोघी एका ताटात जेवलेल्या, आणि दारातून म्हणाले, तू वाघ, तू तिकडे स्वयंपाकघरात बस. नटलेली पोरगी भांड्यांच्या ढिगापाशी बसली होती. मी तेव्हाच ठरवलं, हिचं स्वतःचं लग्न तरी जनावरावरून मोडू द्यायचं नाही. मग ससा काय, बेडूक सांगायची वेळ आली असती तरी सांगितलं असतं."

"बेडूक त्या बारांत नाही," श्वै-लुंग पुटपुटले.

"तू गप!"

तेवढ्यात आतला पडदा बाजूला झाला आणि पै-युन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. लाल पोशाख, केस वर बांधलेले. ती पोहायला शिकवायची, आणि तिचे खांदे त्या पोशाखात मावत नव्हते. शेवटची बरीच वाक्यं तिने पडद्यामागून ऐकली होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. कपांतल्या खारका आणि लाँगानची सुकी फळं उडाली.

"मला ससा कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली.

"आणि सदतीस वर्षांची कोणी केली?"

"मी नाही, त्या प्रोग्रामनं," वडील म्हणाले.

पै-युन छ्यु बाईंसमोर उभी राहिली. नव्या मुलीने सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो. तिने दिला. "काकू, मी वाघच आहे. सत्त्याऐंशी सालची, भर दुपारची. आईनं चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण मी ससा म्हणून तुमच्या घरी येणार नाही. आज कान लपवायचे, उद्या शेपटी लपवायची, हे मला जमणार नाही. स्वयंपाकघरात बसायलाही मी आता तयार नाही. वाघ चालत असेल तर चहा घ्या. नसेल तर मी कप आत नेते, आणि तुमचे केक तुमच्या गाडीत मी स्वतः ठेवून देते."

यान-थिंग उठून तिच्या बाजूला उभा राहिला. तोंड उघडायची बंदी होती, म्हणून नुसताच उभा राहिला.

लान-छिंगने डोळे मिटले. श्वै-लुंगनी मात्र मुलीकडे पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. कागदावरच्या खऱ्या तारखेसाठी ते जन्मभर भांडले होते. ती तारीख अशी दोन पायांवर उभी राहून भांडताना ते पहिल्यांदाच बघत होते.

एकाएकी छ्यु साहेबांच्या घशातून विचित्र आवाज आला. ते हसू दाबत होते. दाबलं गेलं नाही.

"काय झालं दात काढायला?" छ्यु बाई खेकसल्या.

"काही नाही. तू सांगतेस, का मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

छ्यु साहेब श्वै-लुंगकडे वळले. "व्याही, गैरसमज नको. हिचा शकुन-अपशकुनावर काडीचा विश्वास नाही. अपशकुन मानत बसली असती तर केक कसे विकले असते? प्रश्न वेगळा आहे. आमच्या घरात एक वाघ आधीच आहे. सरकारी एक्कावन्न सालचा."

सगळ्यांनी छ्यु बाईंकडे पाहिलं. काकांनीसुद्धा.

"हो, आहे मी वाघ," छ्यु बाई म्हणाल्या. "त्यात चोरी कसली? मलाही स्वयंपाकघरात बसवलं आहे लोकांनी. धाकट्या बहिणीच्या लग्नात बसवलं. तिथं चुलीपाशी बसून कंटाळा आला, म्हणून केक करायला शिकले, आणि मग त्याच लोकांनी माझ्याकडून केक विकत घेतले. मला वाघांची भीती नाही, पोरी. पण एका डोंगरावर दोन वाघ राहत नाहीत. मी स्वतःला ओळखते, म्हणून विचारलं."

पै-युनने कप त्यांच्यापुढे सरकवला. "मग एका डोंगरावर राहतंय कोण? तुमचा डोंगर युआन-लिनला, आम्ही खोली घेतोय ताइ-चुंगला. मध्ये रेल्वे आहे."

"आणि सणावारी?"

"सणावारी मी येईन. तुम्ही गुरगुरा, मीही गुरगुरेन. मग जेवू."

"आणि हा?" छ्यु बाईंनी मुलाकडे बोट केलं. "दोन वाघांच्या मध्ये हा बिचारा डुकराच्या वर्षाचा!"

"आई, मला सवय आहे," यान-थिंग म्हणाला. या वेळी त्याला कोणी गप केलं नाही.

छ्यु बाईंनी खोल श्वास घेतला. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, लान-छिंगकडे पाहिलं, मग कपाकडे. "खरं सांगू, विहीणबाई? मघाशी मला वाटलं होतं, सदतीस वर्षांची, दुधाचे दात उशिरा पडलेली, बारा वर्षं बेपत्ता असलेली मुलगी पदरात पडतेय. आणि तरी मी मनात म्हणत होते, जाऊ दे, ससा तर आहे. इतकी मी या वाघापायी वेडी झाले होते." त्यांनी कप उचलला आणि चहा एका दमात संपवला. "आणा ती अंगठीची खुर्ची."

पै-युनला उंच खुर्चीवर बसवलं, पायाखाली लहान चौरंग दिला. छ्यु बाईंनी लाल डबीतून अंगठी काढली. आता तिकडची एक समजूत अशी, की अंगठी बोटाच्या मुळापर्यंत गेली की मुलगी जन्मभर सासरच्यांच्या मुठीत. म्हणून प्रत्येक आई मुलीला कानात सांगते, बोट वाकव. लान-छिंगनेही सकाळी सांगितलं होतं. पै-युनने बोट असं काही वाकवलं की जणू पाण्याखालची कडी धरून ठेवली आहे.

छ्यु बाईंनी अंगठी सरकवली. ती मधल्या पेरावर अडली. त्यांनी ढकलली. अंगठी हलली नाही. त्यांनी दुसरा हात लावला. रोज मणभर पीठ मळणारे ते हात. इकडे पोहणाऱ्या बाईचं बोट. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत होत्या, दोघींच्या कपाळावर घाम आला होता, आणि दोघींच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"ढकला की, आई," पै-युन म्हणाली. तिने पहिल्यांदाच 'आई' म्हटलं.

"ढकलतेय. तू सरळ कर."

"नाही करणार."

"अगं सोड," छ्यु साहेब म्हणाले. "बोट मोडेल तिचं."

"तिचं नाही मोडायचं," छ्यु बाई धापा टाकत म्हणाल्या, "माझंच मोडेल." त्यांनी हात मागे घेतले, रुमालाने कपाळ पुसलं आणि मधल्या पेरावर बसलेल्या अंगठीकडे एखादा केक नीट फुगला आहे का ते बघावं तसं पाहिलं. "मी माझ्या सासूला इथवरच येऊ दिलं होतं. ठीक आहे. इथवर."

लान-छिंग रडायला लागली आणि हसायलाही. श्वै-लुंगनी काकांच्या पुढ्यात बियांची नवी ताटली ठेवली.

छ्यु साहेबांनी मात्र हळूच आपला डावा हात मांडीवर घेतला आणि स्वतःची अंगठी फिरवून पाहिली. ती फिरली नाही. केव्हाच मुळापर्यंत जाऊन रुतून बसली होती.